सोसायटीच्या लॅपटॉपवर मूळ विंडोज परत बसवताना

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट पाटी आली की बहुतेक ऑफिसांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. काम चालू असतं, प्रिंट निघत असते, मग कशाला हात लावा? मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसातही असंच चाललं होतं. लॅपटॉप २०२२ सालचा. इंटेलचा अकराव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि कारखान्यातून आलेलं विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. मध्यंतरी तो हळू झाला म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला होता. त्यांनी ८०० रुपयांत फॉरमॅट मारून ‘प्रो टाकून दिलंय’ म्हणून, म्हणजे होमच्या वरची आवृत्ती घालून, परत केला. पाटी उगवली ती त्यानंतर काही महिन्यांनी.

ही पाटी का आली ते एका मिनिटात कळतं. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबायचं, एसएलएमजीआर असं टाइप करून एक स्पेस, मग स्लॅश आणि डीएलव्ही. जी खिडकी उघडते तिच्यात ‘चॅनल’ शब्द शोधायचा. दुकानातून आणलेल्या ब्रँडेड लॅपटॉपवर तिथे ‘ओईएम डीएम’, म्हणजे कारखान्यातून मशीनसोबत आलेलं लायसन्स, दिसायला हवं. इथे ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ होतं. केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची सोय आहे. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो, मशीनं त्याला विचारून ॲक्टिव्हेट होतात आणि ही मुदत १८० दिवसांची असते, अधूनमधून नूतनीकरण होत राहतं. दुकानदार मंडळी त्या सर्व्हरचं सोंग करणारा एक छोटा प्रोग्राम याच मशीनवर बसवतात. अँटिव्हायरसने कधीतरी तो उचलून फेकला की १८० दिवस संपतात आणि पाटी येते.

पाटीपेक्षा काळजीची गोष्ट वेगळी होती. असा प्रोग्राम टिकावा म्हणून विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन’ घालून ठेवतात, म्हणजे अमुक फोल्डर तपासू नकोस अशी सूचना. आमच्याकडे सबंध सी ड्राइव्हच वगळलेला निघाला. सोसायटीचं नेटबँकिंग याच मशीनवरून होतं. तेव्हा नुसती ‘की’, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, बदलून भागणार नव्हतं, सगळं पुसून पहिल्यापासून बसवणं भाग होतं. शिवाय प्रोवरून खाली होमवर येण्याचा सरळ रस्ता विंडोजमध्ये नाही. फाइली-प्रोग्राम जागेवर ठेवून ते होत नाही, नव्याने इन्स्टॉलच करावं लागतं.

आता लायसन्स. खजिनदारबाईंचा पहिला प्रश्न तोच होता: ‘लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे दिले होते ना? मग आता परत कसले?’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर असं की परत काहीच द्यायचे नसतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची की खालच्या स्टिकरवर छापत नाहीत, ती मदरबोर्डवरच्या बायोसच्या (विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) चिपमध्ये लिहिलेली असते. वरून कोणी कितीही वेळा फॉरमॅट मारा, प्रो टाका, लिनक्स टाका, ती तिथेच राहते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर शोकीप्लस नावाचं फुकट ॲप आहे, ते ही की आणि ती कुठल्या आवृत्तीची आहे हे दाखवतं. आमच्याकडे ‘कोअर सिंगल लँग्वेज’ आलं. होम सिंगल लँग्वेजचं विंडोजच्या पोटातलं नाव तेच. मदरबोर्ड बदललेला असेल तर मात्र ही की गेलेली असू शकते, म्हणून पुढचं काही करण्याआधी एवढं बघून घ्यावं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या कमिटी मीटिंगमध्ये पर्याय मांडले. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. वॉरंटी संपलेली, आणि सॉफ्टवेअर तसंही वॉरंटीत येत नाही. १,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,७७०, मशीन तीन दिवस त्यांच्याकडे, आणि जॉब शीटवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ या ओळीखाली सोसायटीची सही आणि शिक्का. दुसऱ्या एका दुकानाने ‘नवीन लायसन्स घ्यावंच लागेल’ सांगून सहा हजारांचा आकडा दिला. ऑनलाइन पाचशे-सहाशेला मिळणाऱ्या कीचा विषयही निघालाच. त्या की बहुतेक वेळा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधून फुटलेल्या असतात, आज चालतात, उद्या बंद पडतात, आणि पावती सोसायटीच्या ऑडिटरसमोर ठेवण्यासारखी नसते. शेवटी पेनड्राइव्हचा खर्च मंजूर करून घरचंच काम ठरलं. सेक्रेटरी काकांनी एकच अट घातली: ‘मेंटेनन्सची बिलं दहा तारखेच्या आत निघू देत, मग काय ते करा.’

या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ बॅकअपला जातो आणि जायलाच हवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. सभासद नोंदवही, ‘आय’ आणि ‘जे’ नमुने, सभांची इतिवृत्तं, कन्व्हेयन्सचे स्कॅन हे तिथेच होतं. विसरतात त्या गोष्टी वेगळ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड: ते गुगल खात्याशी जोडलेले नसतील तर फाइल म्हणून एक्सपोर्ट करावे लागतात. आमच्यासारख्या संशयित मशीनच्या बाबतीत मात्र नंतर सगळेच पासवर्ड बदलणं बरं, बँकेचा सर्वांत आधी आणि तोही दुसऱ्या मशीनवरून. टॅली असेल तर नुसतं फोल्डर उचलू नये. टॅलीच्या आतला बॅकअप घ्यावा आणि लायसन्स ‘सरेंडर’ करून ठेवावं.

मराठीत काम करणाऱ्या ऑफिसांचं खास दुखणं म्हणजे फॉन्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची इतिवृत्तं युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपी, किरण, शिवाजी अशा फॉन्टांत ती टाइप झालेली असतात आणि फॉन्ट नसेल तर वर्ड फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. वर्ड फाइल बचावली पण फॉन्ट गेला, म्हणजे मजकूर असून नसल्यासारखा. हे फॉन्ट सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या फॉन्ट्समध्ये असतात. पण विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटनंतर, ॲडमिन पासवर्ड न देता कोणी फॉन्ट बसवला असेल तर तो युजरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातो. दोन्हीकडे बघायचं. आमच्याकडे दोन फॉन्ट त्या लपलेल्या जागी सापडले, आणि २००९ ची इतिवृत्तं नेमकी त्यांच्यातच होती.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाइली उघडून पाहायच्या, फोल्डरचे आकार जुळवायचे. संशयित मशीनवरून फक्त कागदपत्रं, फोटो, पीडीएफ आणि फॉन्ट घ्यावेत. जुने सेटअप आणि ‘क्रॅक’ नावाचे फोल्डर उत्साहाने सोबत आणले तर सगळी मेहनत वाया.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम, त्याच्यातच ठेवायचे असल्याने आम्ही ३२ जीबीचा, यूएसबी ३ चा घेतला, लॅमिंग्टन रोडवरून, ४५० रुपये, जीएसटी बिलासह. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं की चालत काही मिनिटांवर. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकानं बंद असतात. फुटपाथवर निम्म्या भावात ‘१२८ जीबी’ मिळतो, तो घेऊ नये. आत चिप लहान असते आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. भरत गेलं की पुढच्या फाइली मागच्यांवर लिहिल्या जातात आणि विंडोजचं सेटअप मध्येच ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हा जुना फुकट प्रोग्राम सगळी जागा भरून परत वाचून बघतो. त्याला तासभर लागतो, पण निकाल पक्का असतो.

पेनड्राइव्हवर काय भरायचं, याला दोन वाटा आहेत. लॅपटॉप कंपनीची स्वतःची रिकव्हरी प्रतिमा, किंवा मायक्रोसॉफ्टचं साधं विंडोज. एचपी, डेल, लेनोवो या तिघांची यासाठी स्वतंत्र साधनं आहेत. सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकला की त्या मॉडेलची प्रतिमा उतरते. फायदा असा की सगळे ड्रायव्हर, कळफलकावरच्या खास बटणांचे प्रोग्राम जागच्या जागी येतात. तोटा: डाउनलोड मोठं, त्यात अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती आणि नको ती ॲप्स, आणि विंडोज त्या काळचं. २०२२ च्या लॅपटॉपला बहुधा विंडोज ११ ची पहिली आवृत्ती मिळते आणि मग अपडेटच्या रांगेत अख्खी दुपार जाते. ज्याला ड्रायव्हर या प्रकाराची धास्ती वाटते त्याने बेलाशक कंपनीची प्रतिमा घ्यावी. आम्ही मायक्रोसॉफ्टची घेतली.

त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवायचं आणि ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर चालवायचं. सुरुवातीला ‘या पीसीसाठी सुचवलेले पर्याय’ अशी खूण असते. दुसऱ्या मशीनसाठी बनवत असाल तर ती काढून भाषा स्वतः निवडावी. सिंगल लँग्वेज आवृत्तीत ही निवड महत्त्वाची आहे, कारण पडद्यावरच्या मेनूंची भाषा नंतर बदलता येत नाही. मराठी टायपिंगला याने काही बाधा येत नाही, ते कुठल्याही आवृत्तीत जोडता येतं. टूल पेनड्राइव्ह पुसतं, हे सांगायला नकोच. पाच-सहा जीबी उतरवून, तपासून, लिहून होईपर्यंत साधारण तास धरावा.

आयएसओ, म्हणजे विंडोजचं सगळं सेटअप एकाच फाइलीत असलेली प्रतिमा, उतरवून तिच्यातल्या फाइली हाताने पेनड्राइव्हवर ओढू नयेत. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असावा लागतो, कारण बायोसला तीच हमखास वाचता येते, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. आयएसओमधली ‘इन्स्टॉल’ नावाची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. आयएसओच वापरायची असेल तर रूफस नावाचं साधन ही अडचण स्वतः सोडवतं. त्यात पार्टिशनची पद्धत जीपीटी ठेवायची.

आता ज्या गोष्टीवर निम्मी मंडळी अडकतात ती. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एसएसडी थेट दिसत नाही. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर असेलच असं नाही. मग सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी येते. पाहणाऱ्याला वाटतं एसएसडी गेली, आणि दुकानात नेली तर ‘नवीन टाका’ हे ऐकायलाही मिळू शकतं. म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून, ‘स्टोरेज’ या शीर्षकाखालचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवायचा. तो ईएक्सई फाइल म्हणून येतो. तसाच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, सेटअपला फक्त आयएनएफ फाइल समजते. सेव्हन-झिपने ती ईएक्सई उघडायची आणि आतल्या फोल्डरांत ‘आयएस्टोरव्हीडी’ नावाची आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइल एकत्र जिथे असेल ते सबंध फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं. इंटेलच्या साइटवरची फाइल सेव्हन-झिपने उघडली नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलच्या नावापुढे ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ हा शब्द डॅश लावून दिला की ती स्वतः सुटी होते.

याला दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. सगळं पुसणारच असाल तर तोही चालतो. पण काही कंपन्या हा पर्याय दाखवतच नाहीत, आणि काही एसरच्या मशीनवर बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस दाबल्याशिवाय तो उगवत नाही. जुनं विंडोज जिवंत ठेवून व्हीएमडी मात्र बंद करू नये. मशीन निळ्या पडद्यावर अडतं, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं.

त्याच साइटवरून वायफाय, चिपसेट, सीरियल आयओ आणि ऑडिओचे ड्रायव्हरही घेऊन ठेवावेत. सीरियल आयओ अशासाठी, की हल्लीच्या लॅपटॉपचा टचपॅड त्याच्यावरच चालतो आणि सेटअपमध्ये बाण जागचा हलत नाही. तेव्हा एक वायरचा यूएसबी माउस जवळ असू द्या.

१० जानेवारी, शनिवार. बिलं वाटून झाली होती. चार्जर लावला, बॅटरी पूर्ण. लॅपटॉप नुसता ‘शटडाउन’ केला तर फास्ट स्टार्टअपमुळे तो अर्धवट झोपतो आणि बूटच्या बटणांना कधी कधी दाद देत नाही. शिफ्ट धरून शटडाउन करावा किंवा रीस्टार्ट करावा. चालू होताना बटण टकटक दाबत राहायचं: डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९, असुसला एस्केप. एसरला एफ१२, पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ असं लिहिलेली ओळ घ्यायची. सिक्युअर बूटला हात लावायची गरज नाही. बायोसमधलं तारीख-वेळ मात्र बघून घ्यावं, ते मागे असेल तर नंतर ॲक्टिव्हेशन आणि साइटी दोन्ही अडतात.

सेटअपचे पहिले पडदे सोपे आहेत. भाषा, मग कळफलक. इंग्रजी इंडिया कळफलक घेतला तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह येतं, बिलं बनवणाऱ्यांना बरं. नंतर ‘इन्स्टॉल विंडोज ११’ निवडून, सगळं पुसलं जाईल हे मान्य असल्याची खूण करायची. इथे प्रॉडक्ट की विचारली गेली नाही आणि होम की प्रो हेही विचारलं नाही. सेटअपने बायोसमधली की वाचून होम सिंगल लँग्वेज आपणहून घेतलं होतं. कुणाला आवृत्त्यांची यादी दिसलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ वर जाऊन, लॅपटॉपसोबत आलेली आवृत्तीच निवडायची. चुकून प्रो घेतलं तर बायोसमधली होमची की त्याला चालत नाही.

पुढचा पडदा जागा निवडण्याचा, आणि यादी रिकामी. तयारीत असूनही पोटात एकदा गोळा येतोच. ‘लोड ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज’, पेनड्राइव्हवरचं ते फोल्डर. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ अशी ओळ आली. ९ए०बी हा अकराव्या पिढीचा क्रमांक. बाराव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपांत ४६७एफ दिसतो. ओळ निवडून ‘इन्स्टॉल’ म्हटल्यावर काही सेकंद गेले आणि डिस्क ० हजर झाली.

आता पार्टिशन पुसायची पाळी. दोन डिस्क दिसतात, एसएसडी आणि पेनड्राइव्ह, आणि कुठलीला ० म्हटलंय यावर विसंबू नये, आकार बघावा. ५१२ जीबीची एसएसडी इथे ४७६ पूर्णांक काहीतरी दिसते, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २८-२९ च्या आसपास. एक्स्टर्नल हार्ड डिस्क या वेळी मशीनला लावलेली नसावी, हा नियम कुठल्याही सबबीवर मोडू नये. एसएसडीवरची एकेक पार्टिशन निवडून ‘डिलीट’. छोटी १००-२६० एमबीची, रिकव्हरीची, सगळी, शेवटी एकच ‘अनॲलोकेटेड स्पेस’ उरेपर्यंत. काही जण सी तेवढा फॉरमॅट करून डी ठेवतात. डेटा वाचवायला ते ठीक, पण संशयित मशीनवर डीमध्ये पडलेल्या सेटअप फाइलींतून तीच घाण परत येते. मोकळी जागा निवडून ‘नेक्स्ट’ म्हटलं की लागतील त्या पार्टिशन विंडोज स्वतः पाडतं.

फाइली उतरायला वीसेक मिनिटं लागली. पहिला रीस्टार्ट झाल्यावर परत सेटअपचा पहिलाच पडदा आला तर घाबरू नये, पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू करावं.

मग देश-कळफलक विचारून गाडी इंटरनेटपाशी थांबते. वायफायचा ड्रायव्हर नसल्याने यादी रिकामी असते, आणि विंडोज ११ होमला पुढे जायला इंटरनेट लागतंच. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की लॅपटॉपला तो लॅन केबलसारखा दिसतो. फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं आणि मोबाइलचा डेटा जात नाही. या टप्प्यावर अपडेट उतरतात तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको.

मायक्रोसॉफ्ट खातं कुणाच्या नावाने उघडायचं, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘माझा मेल टाका ना, काय फरक पडतो?’ फरक पडतो. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि त्याची ४८ अंकी की या खात्यात जाऊन बसते. उद्या कमिटी बदलली आणि मशीनने की मागितली, तर माजी सेक्रेटरींच्या खाजगी मेलचा पासवर्ड कोण मागणार? सोसायटीच्या नावाचा मेल, त्याला सोसायटीचा मोबाइल नंबर, असं केलं. आणखी एक बारकी गोष्ट: युजर फोल्डरचं नाव मेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं आणि नंतर ते बदलणं कटकटीचं आहे, तेव्हा मेलचा पत्ता निवडतानाच विचार करावा.

डेस्कटॉप आला. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन: ‘डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्ह’. कोपऱ्यातली पाटी नाही, एक रुपयाही नाही. मघाची डीएलव्ही कमांड परत दिली, आता ‘ओईएम डीएम’ होतं.

ड्रायव्हरचा क्रम आम्ही ठेवला तो असा: आधी चिपसेट आणि सीरियल आयओ, मग वायफाय, आणि नंतर विंडोज अपडेटला मोकळं सोडून दिलं. तीन-चार रीस्टार्ट होतात, होऊ द्यावेत. संध्याकाळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोण दोन उरले. ‘पीसीआय डेटा ॲक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर’ हे भारदस्त नाव वाचून कुणालाही वाटेल काहीतरी मोठं बिघडलंय. ते इंटेलच्या तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेचं नाव आहे, कंपनीच्या साइटवर ‘डायनॅमिक प्लॅटफॉर्म अँड थर्मल फ्रेमवर्क’ म्हणून ड्रायव्हर मिळतो. तो टाळू नये, पंखा आणि प्रोसेसरचा वेग त्याच्या भरवशावर असतो. दुसरा ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’, म्हणजे इंटेल स्मार्ट साउंड. तो टाकल्यावर माइक चालू झाला. ड्रायव्हर शोधून देणारी जी फुकट साधनं जाहिरातीत दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नये, नको ते प्रोग्राम त्यांच्यासोबत येतात.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग ‘ॲड अ लँग्वेज’, मराठी. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात, विंडोज आणि स्पेस दाबून अदलाबदल होते. जुने फॉन्ट सगळे एकदम निवडून, राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ म्हटलं, म्हणजे या वेळी ते लपलेल्या फोल्डरात गेले नाहीत. २००९ ची सर्वसाधारण सभेची फाइल उघडली: पार्किंगचा वाद, जसाच्या तसा. प्रिंटरने मात्र सोमवारपर्यंत वेळ घेतला. स्कॅनिंगसाठी विंडोजने दिलेला ड्रायव्हर पुरत नव्हता, कंपनीचा पूर्ण पॅक लागला.

रिकव्हरी की खात्यातून काढून छापली आणि कन्व्हेयन्सच्या फाइलसोबत कपाटात ठेवली. सिस्टिम प्रोटेक्शन मूळचं बंद असतं, ते सी ड्राइव्हसाठी चालू करून पहिला रिस्टोर पॉइंट घेतला. पेनड्राइव्ह पुसला नाही, त्यावर ड्रायव्हरसकट सगळं तसंच आहे. पाकिटावर तारीख आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहिला.

४५० रुपयांचं व्हाउचर ‘संगणक दुरुस्ती व देखभाल’ खाली पडलं, सोबत लॅमिंग्टन रोडचं बिल. ऑडिटरने विचारलं तर दाखवायला म्हणून डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लॅपटॉपच्या नोंदीसमोर खजिनदारबाईंनी शाईने लिहिलं आहे: विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, लायसन्स मशीनसोबतचे, पुन्हा खरेदी करू नये.